लांबवलेला सूर गोंगाट ठरतो तेव्हा

ऑनलाइन तासाला विद्यार्थिनी एक सूर लांबवते. सुरुवातीला तो स्वच्छ येतो, मग विरत जातो, नाहीसा होतो. तिचा दम संपलेला नसतो. व्हिडिओ कॉलच्या प्रणालीने तो सूर पंख्याच्या घरघरीत जमा केलेला असतो. ही साधनं घडवली बोलण्यासाठी. बोलताना आवाज सतत बदलतो, म्हणून जे एकसारखं टिकून राहतं ते गोंगाट समजून गाळायचं, असा त्यांचा हिशेब. आणि सूर टिकवणं हाच तर गाण्याचा पहिला धडा!

असा तास संपला की शिक्षक म्हणतात, ‘हे तंत्रज्ञान आपल्याला जमायचं नाही.’ या वाक्याचं मला फार वाईट वाटतं. त्यांच्या कानाने दोष अचूक पकडलेला असतो, पण तो ते स्वतःच्या माथी घेतात.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये स्व-क्षमतेची संकल्पना मांडली. अमुक एक काम मला जमेल, हा तो विश्वास. तो कामागणिक वेगळा असतो. मैफल रंगवणारी व्यक्ती ध्वनिमुद्रण करताना गांगरू शकते. या विश्वासाचा सर्वांत भक्कम आधार म्हणजे ते काम स्वतः पार पाडल्याचा अनुभव. आपल्यासारख्याच कोणाला ते करताना पाहणं, कोणी धीर देणं, मनावरचा ताण यांचाही त्यात वाटा असतो. त्यामुळे एका दिवसात दहा ॲप दाखवून संपणाऱ्या प्रशिक्षणापेक्षा शेजारच्या वर्गातल्या सहकाऱ्याने दाखवलेली एकच युक्ती मला मोलाची वाटते.

एकत्र वाजवण्याची अडचण तर थेट भौतिकशास्त्रातली. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, म्हणजे 10 मीटरवरच्या साथीदाराचा आवाज साधारण 30 मिलिसेकंदांनी पोहोचतो. इतपत उशीर वादक सांभाळून घेतात. व्हिडिओ कॉलमध्ये तो सहज 100 च्या वर जातो आणि लय मागे ओढली जाते. हे कळलं की शिक्षक एकत्र वाजवण्याचा हट्ट सोडतात, आपलं वादन मुद्रित करून पाठवतात. विद्यार्थी ते सूर न बदलता संथ करून ऐकतो, त्यावर वाजवतो, परत पाठवतो.

आणि तो विरलेला सूर? अनेक व्हिडिओ कॉल ॲपमध्ये गोंगाट गाळणारी सेटिंग बंद करता येते. ती बंद करावी, शिक्षक आणि विद्यार्थिनी दोघांनी हेडफोन लावावेत आणि तोच सूर पुन्हा घ्यायला सांगावा. या वेळी तो दम संपेपर्यंत ऐकू येतो.