सागरी मत्स्यालयातील भक्षक-भक्ष्य सहवास

खाऱ्या पाण्याच्या एकाच टाकीत कोणते मासे एकमेकांना न खाता राहतील, याविषयीचे ठोकताळे. हौशी लोक माशांना ‘शांत’ आणि ‘भांडखोर’ अशी लेबले लावतात, पण इथे ती फसवी ठरतात. लायनफिश (लांब, पंख्यासारख्या परांचा शिकारी मासा) शांतच असतो. तो कोणाच्या मागे लागत नाही, कोणाचे पर कुरतडत नाही. तोंडात मावेल तो मासा मात्र गिळतो. म्हणून आधी जबडा पाहावा, स्वभाव नंतर.

लायनफिशची शिकार करण्याची पद्धत पाहण्यासारखी असते. पंख्यासारखे पर पसरून तो लहान माशाला हळूहळू कोपऱ्यात दाबत नेतो. कधी तोंडातून पाण्याची बारीक चूळ त्याच्यावर सोडतो. पाणी कुठून आले म्हणून मासा त्या दिशेला वळतो आणि डोक्याकडून आत ओढला जातो. दुकानातून बोटाएवढा आणलेला लायनफिश पुढे 30 सेंटीमीटरच्या वर जातो, क्लाउनफिश 8-10 सेंटीमीटरवर थांबतो. तेव्हा आज गुण्यागोविंदाने नांदणारी जोडी कायमची समजू नये. पोटभर खायला घातले की भीती नाही, हा समजही चुकीचा आहे. फ्रॉगफिश तर स्वतःएवढा मासा गिळतो. तो एकटाच ठेवावा.

मोरे ईल या सापासारख्या लांब माशाच्या बाबतीत दात बघावेत. सुईसारखे दात मासे धरण्यासाठी असतात. स्नोफ्लेक मोरेचे दात बोथट, खेकडे-कोळंब्या फोडणारे. त्यामुळे त्याच्यासोबत मध्यम आकाराचे मासे बहुधा निभावतात, कोळंब्या नाहीत. ट्रिगरफिश गिळत नाही, तोडतो. त्याला जबड्याचे माप लावून उपयोग नाही.

या हिशेबाला छेद देतो तो क्लीनर रास, निळसर अंगावर काळा पट्टा असलेला बोटभर मासा. प्रवाळभिंतीवर मोठे हेकरू (ग्रूपर, मोठ्या तोंडाचे शिकारी मासे) आ वासून थांबतात आणि हा त्यांच्या तोंडात, कल्ल्यांत शिरून परजीवी टिपतो. ऑस्ट्रेलियातील लिझार्ड बेटाजवळच्या अभ्यासात एक क्लीनर दिवसाला सुमारे 1200 परजीवी खाताना आढळला. हुबेहूब त्याच्यासारखा दिसणारा एक ब्लेनी मासा या विश्वासाचा फायदा घेऊन पराचा लचका तोडून पळतो. घरच्या टाकीत मात्र इतके परजीवी नसतात, आणि दुसरे अन्न न स्वीकारणारा क्लीनर हेकरूच्या शेजारी सुखरूप असूनही उपासमारीने मरतो. सौंदर्यासाठी तो विकत घेणे म्हणूनच योग्य नव्हे.