जुन्या छोट्या मोटारीला चारही चाकांवर डिस्क ब्रेक: काम सोपवण्यापूर्वी वाचावे

पुढे डिस्क (चाकासोबत फिरणारी उघडी चकती, जिला दोन्ही बाजूंनी पॅड दाबतात) आणि मागे ड्रम (चाकासोबत फिरणारे बंद भांडे, ज्याला आतून ब्रेक शू दाबतात) अशी रचना असलेल्या मोटारीचे मागचे ड्रम काढून तेथे डिस्क बसवता येतात, आणि आम्ही ते काम करतो. मात्र त्यातून काय मिळते आणि काय मिळत नाही, हे ग्राहकाने आधी समजून घ्यावे अशी आमची अपेक्षा असते, कारण या कामाविषयी सर्वाधिक गैरसमज याच ठिकाणी आढळतो.

मोटार किती अंतरात थांबेल, हे शेवटी टायरच्या पकडीवर ठरते. आपले सध्याचे ब्रेक जोरात दाबल्यावर चाके जाम करू शकत असतील, तर डिस्क बसवल्याने त्या एका थांबण्याचे अंतर कमी होणार नाही. शिवाय ब्रेक लावताच मोटारीचे वजन पुढच्या चाकांवर झुकते, त्यामुळे थांबवण्याचे बहुतेक काम पुढचेच ब्रेक करत असतात. मागच्या डिस्कचा खरा फायदा वारंवार ब्रेक लावावे लागतात तेव्हा दिसतो. लांब उतारावर ड्रम तापला की तो प्रसरण पावून लायनरपासून, म्हणजे ब्रेक शूवरच्या घर्षणपट्टीपासून, दूर जातो आणि पेडल खाली खाली जाऊ लागते. डिस्क मात्र उघडी असल्याने लवकर थंड होते आणि पाण्यातून गेल्यावर लवकर कोरडीही होते. ज्यांची मोटार केवळ सपाट रस्त्यावर आणि हलक्या भाराने चालते, त्यांना आम्ही बहुतेक वेळा चांगले लायनर, नवे व्हील सिलिंडर (ब्रेक शू ढकलणारे) आणि नवे होज पाइप यांवरच समाधान मानण्याचा सल्ला देतो.

या कामाचा गाभा पुढच्या आणि मागच्या ब्रेकांच्या समतोलात आहे. मागची चाके पुढच्यांच्या आधी जाम झाली, तर मोटार मागून घसरते आणि गिरकी घेऊ शकते. पुढची आधी जाम झाली, तर ती वळत नाही, पण निदान सरळ जाते. म्हणूनच कारखान्यातून येणाऱ्या मोटारीत मागच्या ब्रेकांकडे जाणारा दाब मर्यादित ठेवणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह असतो, आणि तो त्या मोटारीच्या ड्रमचा हिशेब धरून जुळवलेला असतो. ड्रममधील एक ब्रेक शू चाकाच्या फिरण्यामुळे आपोआप अधिक घट्ट दाबला जातो. डिस्कमध्ये असे घडत नाही, तिला सगळा जोर ब्रेक ऑइलच्या दाबातूनच मिळवावा लागतो. त्यामुळे जुना व्हॉल्व्ह नव्या डिस्कना योग्य ठरेलच असे नाही. तो बदलावा लागतो किंवा मागच्या लाइनवर कमी-जास्त करता येणारा व्हॉल्व्ह बसवावा लागतो. अशा व्हॉल्व्हची जुळवणी आम्ही पुढची चाके नेहमी आधी जाम होतील अशीच करतो, आणि नंतर ग्राहकाने ती स्वतः फिरवू नये.

पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलला दाब देणाऱ्या मास्टर सिलिंडरचा प्रश्न असाच आहे. डिस्कवर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन व्हील सिलिंडरच्या पिस्टनपेक्षा बराच मोठा असल्याने त्याला अधिक ऑइल लागते, आणि जुना मास्टर सिलिंडर अपुरा पडला तर पेडल खोल जाते. मोठा बसवला की पेडल वर येते, पण जड होते: व्यास १९ मिलिमीटरवरून २२ मिलिमीटर केल्यास तेवढाच दाब मिळवण्यासाठी पायाला सुमारे एक तृतीयांश अधिक जोर लावावा लागतो. बूस्टर (पायाच्या जोराला मदत करणारा भाग) नसलेल्या मोटारीत हा फरक ठळकपणे जाणवतो. काही जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये ड्रमच्या लाइनीत थोडा दाब टिकवून ठेवणारा व्हॉल्व्हही असतो. तो तसाच राहिला, तर पॅड सतत घासत राहतात.

हँडब्रेककडे मात्र ग्राहकांचे हमखास दुर्लक्ष होते. मागचा कॅलिपर हँडब्रेकच्या यंत्रणेसह असलेलाच हवा, किंवा डिस्कच्या आतल्या भागात हँडब्रेकसाठी छोटा ड्रम असलेली रचना हवी. पुढचा कॅलिपर मागे बसवून हँडब्रेक सोडून देण्याचे काम आम्ही कोणत्याही परिस्थितीत स्वीकारत नाही.

शक्य असेल तेथे आम्ही त्याच मॉडेलच्या वरच्या श्रेणीतील, कारखान्यातूनच मागे डिस्क असलेल्या मोटारीचा पूर्ण संच वापरतो: हबसह ॲक्सल, कॅलिपर, हँडब्रेक केबल, मास्टर सिलिंडर आणि व्हॉल्व्ह. यांतील काही भाग जुने चालतात. डिस्क, पॅड, होज पाइप आणि कॅलिपरचे सील मात्र नेहमी नवेच घालतो. एबीएस (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या मोटारीत त्या यंत्रणेचे नियंत्रण मूळ ब्रेकांनुसार जुळवलेले असल्याने, त्याचे भागही मूळ संचातले मिळाल्याशिवाय आम्ही काम सुरू करत नाही.

चाकांचे मापही आधी पाहावे लागते. १३ इंची रिममध्ये अनेकदा कॅलिपर मावत नाही आणि मोठी रिम घ्यावी लागते. अशा वेळी स्टेपनी विसरू नये, कारण जी स्टेपनी नव्या कॅलिपरवर बसत नाही, ती पंक्चर झाल्यावर निरुपयोगी ठरते.

ब्रेक ऑइल आम्ही पूर्ण बदलतो. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पण ते हवेतील ओलावा शोषते आणि प्रमाणित ओल्या अवस्थेत हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. सिलिकॉनचे डॉट ५ त्यात कधीही मिसळू नये. ब्लीडिंगनंतरही, म्हणजे ऑइलमधली हवा काढल्यानंतरही, पेडल स्पंजसारखे लागत असेल, तर आम्ही सर्वप्रथम डावा आणि उजवा कॅलिपर अदलाबदल झाले आहेत का ते पाहतो. हवा सोडण्याचे निपल खालच्या बाजूला राहिले की वरची हवा निघतच नाही.

असा बदल नोंदणी अधिकाऱ्यांना आणि विमा कंपनीला कळवावा लागतो का, हे ग्राहकाने काम सुरू होण्यापूर्वीच विचारून घ्यावे. मोटार ताब्यात मिळाल्यावर पहिले काही दिवस पॅड आणि डिस्क एकमेकांवर नीट बसेपर्यंत, अगदी गरज पडल्याखेरीज जोरात ब्रेक लावू नयेत. सुमारे १०० किलोमीटर चालल्यावर मोटार स्टेपनीसह पुन्हा आणावी. त्या वेळी आम्ही चाकांचे नट, पाइपांचे सांधे, ऑइलची पातळी आणि उतारावर हँडब्रेकची पकड तपासून देतो.