शिफ्ट लॉकची विद्युत तपासणी

ऑटोमॅटिक मोटारीत ब्रेक दाबल्याखेरीज गिअर लिव्हर 'पार्क'मधून हलू न देणारी यंत्रणा म्हणजे शिफ्ट लॉक. अमेरिकेत १ सप्टेंबर २०१० पासून बनलेल्या, ४,५३६ किलोपर्यंत एकूण वजनाच्या आणि 'पार्क' स्थिती असलेल्या गाड्यांना ती सक्तीची आहे. ब्रेक पेडलचा स्विच, फ्यूज, नियंत्रक आणि लिव्हरच्या बुडाशी असलेला सोलेनॉइड (वीज मिळताच अडसर हलवणारे तारेचे वेटोळे) हे तिचे मुख्य भाग. बहुतेक गाड्यांत सोलेनॉइडला वीज मिळाली की अडसर सुटतो.

तपासणीआधी हँडब्रेक ओढावा, चाकांना दोन्ही बाजूंनी अडण्या लावाव्यात, इंजिन बंदच ठेवावे. कन्सोल उघडताना एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरना हात लावू नये. बॅटरीही आधीच मोजून घ्यावी, कारण ती उतरलेली असेल तर पुढची सारी मापे फसवी येतात.

इग्निशन चालू करून ब्रेक दाबावा. मागचे ब्रेक दिवे लागले नाहीत तर फ्यूज किंवा पेडलचा स्विच पाहावा. दिवे लागले म्हणून स्विच निर्दोष ठरत नाही. अनेक स्विचमध्ये दिव्यांचा आणि नियंत्रकाचा संपर्क वेगवेगळा असतो. एक चालतो, दुसरा जळालेला असतो.

ब्रेक दाबताच लिव्हरपाशी 'टक्' आवाज आला, तरी लिव्हर अडला, तर दोष बहुधा यांत्रिक असतो: सांडलेल्या गोड पेयाने चिकटलेला अडसर किंवा तुटलेला प्लास्टिकचा तुकडा. आवाजच नसेल तर सोलेनॉइडच्या दोन तारांमध्ये, ब्रेक दाबलेला असताना, मल्टिमीटरने विद्युतदाब (व्होल्टेज) मोजावा. कनेक्टर जोडलेलाच ठेवून मागून प्रोब (मल्टिमीटरची टोके) लावणे महत्त्वाचे. कनेक्टर काढून मोजल्यास गंजलेल्या तारेतूनही १२ व्होल्ट दिसतात. भार पडताच तेच माप कोसळते, आणि चांगला सोलेनॉइड उगाच बदलला जातो.

बॅटरीइतका दाब मिळूनही हालचाल नसेल तर सोलेनॉइड खराब किंवा अडकलेला. तो सुटा करून विद्युतरोध (रेझिस्टन्स) मोजावा: अनंत आला तर वेटोळे तुटलेले, शून्याजवळ आला तर आतून शॉर्ट. नेमका आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच धरावा. दाबच नसेल तर एकेक तार तपासावी. पुरवठ्याच्या तारेवर वीज असून सोलेनॉइड ओढत नसेल, तर अर्थिंगच्या तारेपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत माप घ्यावे. ब्रेक दाबलेला असताना अर्थिंग थेट बॉडीला असेल तर तिथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसणे हे सैल किंवा गंजलेल्या जोडाचे लक्षण. काही गाड्यांत ही बाजू नियंत्रक जोडतो, म्हणून वायरिंगचा नकाशा पाहिल्याशिवाय तिला सरळ अर्थिंग देऊ नये.