स्टार फेरी आणि हार्बर क्रूझ: हाँगकाँगच्या संध्याकाळी नेमकी कोणती बोट?

हाँगकाँगला निघालेल्या कुणाचाही बेत वाचा, त्यात 'संध्याकाळी स्टार फेरी क्रूझ आणि नाइट मार्केट' ही ओळ हमखास सापडते. स्टार फेरी वेगळी आणि हार्बर क्रूझ वेगळी. या दोन्हींची सरमिसळ झाली की पैसे तर जातातच, पण माणूस रात्री नको त्या धक्क्यावर उतरतो. टूरवाले ही सरमिसळ खुशाल चालू देतात, त्याचा मला मनापासून राग येतो.

क्रूझबद्दल फार सांगायला नको. ठरलेल्या वेळी चढायचं, तास-पाऊण तास व्हिक्टोरिया हार्बरमध्ये फिरायचं, फोटो काढायचे, उतरायचं. लाल शिडांची अ‍ॅक्वा लुना घ्या की साधी मोठी बोट, साचा एकच.

स्टार फेरी ही शहराची वाहतूक आहे, हार्बरच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्यावर नेणारी. मुंबईहून तिकडे गेलेल्या दोराबजी नौरोजी मिठाईवाला या पारशी गृहस्थाने 1888 साली तिची कंपनी उभी केली. 1972 मध्ये हार्बरखालचा बोगदा झाला, पुढे मेट्रो आली, तरी हिरव्या-पांढऱ्या बोटींच्या फेऱ्या सुरूच आहेत. 1966 मध्ये वरच्या वर्गाचं भाडं पाच सेंटनी वाढवायचं ठरलं तेव्हा धक्क्यावर एका तरुणाने उपोषण केलं आणि त्यानंतर शहरात दंगल उसळली. रोजच्या जगण्यातल्या बोटीसाठीच लोक असे पेटतात. आजही वरच्या मजल्याचं भाडं कामाच्या दिवशी पाच हाँगकाँग डॉलरच्या आसपास आहे, सुट्टीच्या दिवशी थोडं जास्त. क्रूझ शंभराच्या पुढेच जाते.

गोंधळाचं खरं मूळ असं की स्टार फेरीची कंपनी स्वतःच हार्बर टूरही चालवते. नाव तेच, बोटीही तशाच दिसणाऱ्या. ओळखायची खूण सोपी आहे. नेहमीच्या फेरीला आगाऊ तिकीट लागत नाही. फाटकावर ऑक्टोपस कार्ड (तिथल्या मेट्रो-बसलाही चालणारं पैसे भरलेलं कार्ड) टेकवायचं किंवा यंत्रातून टोकन घ्यायचं आणि आत जायचं. कुणी तारीख आणि वेळ निवडायला सांगत असेल, तर तो टूर विकतोय.

पण भाड्यातला फरक कळला म्हणजे सगळं कळलं असं नाही. संध्याकाळ खरी बिघडते ती पुढच्या मुद्द्यावर: क्रूझ जिथून निघते तिथेच परत आणून सोडते आणि फेरी पलीकडे नेऊन सोडते. ऐकायला हे साधं वाटतं, पण सगळा बेत याच्यावर उभा असतो. हार्बरच्या एका बाजूला हाँगकाँग बेट, त्यावर सेंट्रल आणि वान चाय. दुसऱ्या बाजूला कौलून, तिथे चिम शा चुई. नाइट मार्केट कौलूनच्या बाजूला. उंच इमारतींची ती प्रसिद्ध रांग बेटावर, म्हणजे ती नीट दिसते कौलूनमधून. सेंट्रलहून क्रूझ घेतलीत तर तासाभराने पुन्हा सेंट्रललाच उभे राहाल आणि बाजारासाठी हार्बर ओलांडायचं राहीलच.

त्यातही दिशा महत्त्वाची. सेंट्रलहून चिम शा चुईला येताना दिव्यांची रांग पाठीमागे पडते, उलट जाताना ती समोरून अंगावर येते. बोट दोन्ही टोकांनी सारखीच असते, परतताना वळत नाही. म्हणून बाकांच्या पाठी सरकत्या ठेवल्या आहेत. लाकडी पाठ हाताने पलीकडे ढकलली की बाक प्रवासाच्या दिशेला तोंड करतो. नवखे लोक उलटे तोंड करून बसतात आणि मग सारखी मान वळवत राहतात. अंतर आठ-दहा मिनिटांचं. मग काठीला लावलेल्या आकड्याने खलाशी दोर ओढून घेतो, फळी खडखडत खाली येते आणि पाचव्या मिनिटाला बोट रिकामी. मला खालचा मजला जास्त आवडतो. इंजिनाची घरघर आणि तेलाचा वास सोसावा लागतो, पण पाणी अगदी हाताशी असतं. चिम शा चुई ते वान चाय या फेरीच्या दुसऱ्या मार्गावर मात्र खाली बसायची सोय नाही.

क्रूझ सरस ठरते ती एकाच वेळी. रात्री आठला दोन्ही किनाऱ्यांवरच्या इमारतींवर सिंफनी ऑफ लाइट्स हा रोषणाईचा खेळ सुरू होतो, दहाएक मिनिटं चालतो. तो पाण्याच्या मधोमध बसून बघायचा असेल तर त्या वेळची क्रूझ घ्यावी, पैसे फुकट गेले असं वाटणार नाही. फेरीवर तो साधायला जाऊ नका, निम्मा वेळ धक्क्यावर थांबण्यातच जाईल. फुकट बघायचं तर चिम शा चुईच्या किनाऱ्यावर, 1915 च्या घड्याळाच्या मनोऱ्याजवळ, साडेसातपासून जागा धरावी.

बाजारांचा घोळ त्यामानाने किरकोळ. मोंग कॉकमधलं लेडीज मार्केट दुपारपासूनच भरतं. कपडे, पिशव्या, भेटवस्तू, सगळा माल एकसारखा. त्यासाठी संध्याकाळ राखून ठेवायचं कारण नाही. जॉर्डन आणि याउ मा तेईमधली टेंपल स्ट्रीट अंधार पडल्यावर जागी होते. भविष्य सांगणाऱ्यांचे तंबू, कॅन्टनीज ऑपेरा गाणारे, मातीच्या भांड्यात शिजवलेला भात हे तिथलं. संध्याकाळ एकच असेल तर टेंपल स्ट्रीटच, यात मला शंका नाही. शाकाहारी मंडळींनी मात्र आधी पोटभर खाऊन निघावं, भातावर बहुधा मांस असतंच.

तेव्हा क्रम असा लावा. दिवस बेटावर घालवा. सूर्य मावळताना सेंट्रलच्या सात नंबरच्या धक्क्यावरून फेरी पकडा. हा धक्का मेट्रो स्टेशनपासून बराच आत पाण्याकडे आहे, चालायला दहा मिनिटं धरा. आठचे दिवे किनाऱ्यावरून बघा. मग धक्क्यासमोरूनच नेथन रोडने जाणारी बस घ्या किंवा मेट्रोने एक स्टेशन पुढे जॉर्डनला उतरा. हॉटेल बेटावर असेल तर परततानाही मेट्रोऐवजी फेरीच घ्या, आता इमारती समोर असतील. शेवटच्या बोटीची वेळ मात्र संध्याकाळी येतानाच धक्क्यावरच्या फलकावर बघून ठेवा.