एनएफएल आणि एनबीए: दोन्हींच्या प्रेक्षकांना एकच माप का लावू नये

फेब्रुवारीत सुपर बोलच्या, म्हणजे एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या अंतिम सामन्याच्या, प्रेक्षकांचा आकडा जाहीर होतो, जूनमध्ये एनबीए या बास्केटबॉल लीगच्या अंतिम मालिकेचा होतो, आणि दोन्ही शेजारीशेजारी मांडून ‘अमेरिकेत बास्केटबॉलची लोकप्रियता ओसरली’ असा निष्कर्ष दरवर्षी नव्याने काढला जातो. २०२५ मध्ये सुपर बोल सुमारे १२ कोटी ७७ लाख लोकांनी पाहिला. ओक्लाहोमा सिटी आणि इंडियाना यांच्यातल्या अंतिम मालिकेला दर सामन्यामागे सरासरी एक कोटीच्या थोडे वर प्रेक्षक मिळाले. आकडे खरे आहेत, तुलना मात्र चुकीची आहे. एकीकडे वर्षातून एकदाच होणारा एकच सामना आहे, तर दुसरीकडे सात सामन्यांपर्यंत लांबू शकणाऱ्या मालिकेची सरासरी. ही चूक दाखवून दिली की कोणाच्याही ध्यानात येते. मुळातली गफलत याहून खोल आहे आणि ती खेळाच्या जाणकारांकडूनही सर्रास होते, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे.

इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल. एनबीएची ओळख वाचकाला करून द्यायला नको: ३० संघ, प्रत्येकाचे ८२ सामने, मिळून साखळी फेरीचे १,२३० सामने. एनएफएलमध्ये ३२ संघ आहेत आणि २०२१ पासून प्रत्येकाचे १७ सामने होतात, म्हणजे सगळे मिळून २७२. सामने मोजके असल्याने प्रत्येकाचे मोल वाढते, हे सर्वांना ठाऊक आहे आणि ते खरेही आहे. फुटबॉल थांबत थांबत खेळला जातो, त्यामुळे पुनर्दृश्ये, समालोचन आणि जाहिराती यांना आपसूक जागा मिळते, हेही खरे. १९९८ मध्ये पडद्यावर आलेल्या पिवळ्या रेषेने तर चेंडू नेमका कुठवर न्यायचा आहे हे नवख्या प्रेक्षकालाही कळू लागले. पण खेळाच्या स्वरूपातले हे फरक मी दुय्यम मानतो. दोन्ही खेळ टीव्हीवर उत्तम दिसतात.

खरा फरक एका प्रश्नात आहे: सामना वाहिनीला विकतो कोण? एनएफएलमध्ये साखळी फेरीचा एकही सामना संघ स्वतः विकत नाही. सगळे हक्क लीग एकत्र विकते आणि मिळणारा पैसा ३२ संघांत समान वाटला जातो. ही व्यवस्था आपोआप आलेली नाही. १९६० मध्ये पीट रोझेल एनएफएलचे आयुक्त, म्हणजे लीगचे प्रमुख, झाले तेव्हा संघ आपापले करार करत होते आणि मोठ्या शहरांतले संघ लहान शहरांतल्या संघांच्या कितीतरी पुढे होते. रोझेल यांनी संघमालकांना एकत्र आणून सीबीएस या वाहिनीशी एकच करार केला. फिलाडेल्फियातल्या संघराज्य न्यायालयाने मक्तेदारीविरोधी कायद्याचा आधार घेऊन तो अडवला. मग अमेरिकी संसदेने प्रक्षेपणाचे हक्क एकत्र विकण्याची मुभा देणारा स्वतंत्र कायदा केला आणि सप्टेंबर १९६१ मध्ये अध्यक्ष केनेडी यांनी त्यावर सही केली. त्या कायद्याची मुभा फुटबॉलपुरती नाही. बेसबॉल, बास्केटबॉल आणि आइस हॉकी यांनाही ती तितकीच आहे. फुटबॉलने ती पुरेपूर वापरली, बास्केटबॉलने अर्धीच. या एका गोष्टीकडे दुर्लक्ष करून लिहिलेले लेख वाचताना मला मनापासून खंत वाटते.

घरातल्या टीव्हीसमोर बसून पाहिले म्हणजे हा फरक लख्ख दिसतो. रविवारी दुपारी, पूर्व किनाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे एक वाजता, सीबीएस आणि फॉक्सवर एकाच वेळी अनेक सामने सुरू होतात आणि देशाच्या ज्या भागाला जो सामना जवळचा, तो त्या भागात दाखवला जातो. क्लीव्हलँडमधल्या घरात ब्राउन्स दिसतात, ग्रीन बेमधल्या घरात पॅकर्स. त्यासाठी केबल लागत नाही, साधा अँटेना पुरतो. एखादा सामना ईएसपीएन या केबल वाहिनीकडे किंवा अॅमेझॉनच्या इंटरनेट सेवेकडे गेला, तरी खेळणाऱ्या दोन संघांच्या शहरांत तो साध्या वाहिनीवरही दिसतो. म्हणजे आपल्या गावचा संघ पाहायला चाहत्याला वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत आणि मूल सहा-सात वर्षांचे असल्यापासून रविवारची सवय त्याच्या अंगवळणी पडते.

एनबीएत लीग विकते ते काही निवडक सामने. उरलेले बहुतेक सामने प्रत्येक संघ आपल्या भागातल्या क्रीडावाहिनीला विकतो आणि तो पैसा मुख्यतः त्या संघाकडेच राहतो. लॉस एंजेलिस लेकर्सने २०११ मध्ये असा वीस वर्षांचा करार केला, ज्याची किंमत सुमारे तीन अब्ज डॉलर सांगितली गेली. लहान शहरातल्या संघाला असा करार स्वप्नातही मिळत नाही. चाहत्याच्या बाजूने पाहिले, तर मंगळवारी रात्री आपल्याच शहरातला सामना पाहायला बऱ्याच ठिकाणी त्याला ती विशिष्ट वाहिनी असलेले केबलचे पॅकेज किंवा तिची सशुल्क सेवा घ्यावी लागते. पैसे भरून लीग पास, म्हणजे सामने दाखवणारी एनबीएची स्वतःची सेवा, घेतला, तरी त्यावर नेमका स्थानिक संघाचाच थेट सामना बंद असतो, कारण तो हक्क आधीच दुसऱ्याला विकलेला आहे. खेळावर सर्वाधिक प्रेम करणाऱ्या माणसाच्या तोंडावर दार बंद करणारी ही रचना मला अन्यायाची वाटते. मार्च २०२३ मध्ये एनबीएच्या डझनाहून अधिक संघांचे सामने दाखवणारी डायमंड स्पोर्ट्स ही कंपनी दिवाळखोरीत गेली, तेव्हा ही रचना किती तकलादू आहे हेही उघड झाले.

आता मूळ आकड्यांकडे वळू. एनएफएलच्या राष्ट्रीय प्रेक्षकसंख्येत त्या खेळाचा जवळजवळ सगळा प्रेक्षक मोजला जातो. एनबीएच्या राष्ट्रीय आकड्यात स्थानिक वाहिन्यांवरच्या शेकडो रात्री धरलेल्याच नसतात. एका हिशेबात घरची माणसे मोजायची, दुसऱ्यात ती वगळायची, आणि मग घर कोणाचे मोठे हे ठरवायचे, असा हा प्रकार आहे. ‘तरुण आता सामने पाहत नाहीत, मोबाइलवर क्षणचित्रे पाहतात’ हे वाक्यही मला अर्धवट वाटते. ज्याच्या घरात सामना येतच नाही आणि क्षणचित्रे मात्र फुकट येतात, तो दुसरे काय पाहणार?

यावरून बास्केटबॉल फुटबॉलइतकाच लोकप्रिय आहे असे मात्र म्हणता येणार नाही, आणि मी ते म्हणतही नाही. २०२४ च्या नाताळला दोन्ही खेळ समोरासमोर आले. नेटफ्लिक्सवरच्या एनएफएलच्या दोन सामन्यांना प्रत्येकी सुमारे २ कोटी ४० लाख प्रेक्षक मिळाले. एनबीएच्या त्या दिवशीच्या सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या सामन्याला, लेकर्स आणि वॉरियर्स यांच्या लढतीला, ८० लाखांहून थोडे कमी. सगळे सामने राष्ट्रीय असतानाही फुटबॉल तिपटीने पुढे राहिला. पण त्या आघाडीमागे साठ वर्षांची फुकट मिळालेली सवय उभी आहे, हे विसरून चालणार नाही.

बास्केटबॉलला टीव्हीने दिलेली वागणूकही आठवायला हवी. १६ मे १९८० रोजी, अंतिम मालिकेच्या सहाव्या सामन्यात, वीस वर्षांचा नवोदित मॅजिक जॉन्सन जखमी करीम अब्दुल-जब्बारच्या जागी सेंटर म्हणून उतरला आणि ४२ गुण मिळवून त्याने लेकर्सला अजिंक्यपद जिंकून दिले. देशाच्या बहुतेक भागांत सीबीएसने तो सामना रात्री साडेअकराला, ध्वनिचित्रमुद्रित करून दाखवला, कारण शुक्रवारच्या मालिकांचा प्रेक्षक तिला गमवायचा नव्हता. फुटबॉलला मात्र एबीसीने १९७० पासूनच सोमवारची रात्र देऊन टाकली होती. अठरा वर्षांनी, १४ जून १९९८ ला, मायकल जॉर्डनचा शिकागो बुल्ससाठीचा अखेरचा सामना एनबीसीने थेट दाखवला आणि सुमारे ३ कोटी ५९ लाख लोकांनी तो पाहिला. खेळ तोच होता; तो कोणत्या वाहिनीवर आणि किती वाजता दाखवला गेला, हे बदलले होते.

२०२५-२६ च्या हंगामापासून एनबीएने डिस्ने, एनबीसी आणि अॅमेझॉन यांच्याशी केलेला अकरा वर्षांचा, सुमारे ७६ अब्ज डॉलरचा करार लागू झाला आहे. त्याच्या रकमेची चर्चा पुष्कळ झाली. माझ्या मते त्यातली महत्त्वाची तरतूद वेगळी आहे: पूर्वीच्या करारात साध्या, अँटेनावर दिसणाऱ्या वाहिन्यांवर साखळी फेरीचे किमान १५ सामने दाखवण्याची अट होती, आता तिथे दर हंगामात सुमारे ७५ सामने दिसणार आहेत. १,२३० पैकी ७५. बाकीच्यांपैकी बहुतेक सामने अजूनही त्या त्या शहराच्या स्थानिक वाहिनीकडेच आहेत.