करवंटीचा सक्रियित कोळसा

नारळाच्या करवंटीचा कोळसा करून त्यावर सुमारे ९०० अंश सेल्सियसला पाण्याची वाफ सोडली की मिळणारा अतिसच्छिद्र कार्बन. बाजारात त्याला 'ॲक्टिव्हेटेड कार्बन' किंवा नुसते 'कार्बन' म्हणतात. चांगल्या मालात ग्रॅममागे १,००० चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग असतो. बहुतेक घरगुती पाणी शुद्धीकरण यंत्रांत तो असतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यासारख्या रासायनिक वसाहतींत द्रवांचा रंग काढायला आणि सांडपाण्याच्या शेवटच्या टप्प्यात तो लागतो.

कच्चा माल : करवंटीत लिग्निन (लाकडाला टणकपणा देणारे द्रव्य) भरपूर आणि राख अगदी कमी, म्हणून कोळसा टणक होतो व त्यात २ नॅनोमीटरहून लहान छिद्रे जास्त पडतात. ठाणे, वाशी, नेरूळच्या नाक्यांवर रिकाम्या शहाळ्यांचे ढीग दिसतात. ते पाहून कच्चा माल फुकट पडून आहे असे वाटते. तो भ्रम आहे. शहाळ्याची करवंटी कोवळी व पातळ असते आणि बाकी वजन बहुतेक ओल्या सोडणाचे. त्याचा शेतात घालायचा जैवकोळसा होईल, गाळणीचा कार्बन नाही. हवी ती पिकल्या नारळाची : देवळे, खानावळी, मिठाईवाले यांच्याकडची. तिला शेंडी किंवा खोबरे चिकटलेले नको. खोबऱ्यातले तेल नुसता धूर करते. खाडीच्या पाण्यात भिजलेल्या करवंटीत मीठ राहते, ती वेगळी काढावी. मुरबाड-शहापूरच्या भातगिरण्यांचे तूस मुबलक आहे, पण त्यात सुमारे २० टक्के राख, तीही मुख्यतः सिलिका. ती कॉस्टिक सोड्याने काढावी लागते.

कोळसा : २०० लिटरच्या पिंपाला तळाशी हवेची भोके पाडून उन्हात वाळवलेली करवंटी थराथराने भरतात व पेटवतात. पांढरा दाट धूर म्हणजे ओल आणि डांबरी वाफा निघत आहेत. धूर विरळ, निळसर झाला की भोके व झाकण चिखलाने लिंपतात आणि रात्रभर निवू देतात. घाईने उघडल्यास हवा लागून माल पुन्हा पेटतो व राख होते. चांगला कोळसा मोडताना खणखणतो आणि कडेवर चमकतो. तपकिरी झाक म्हणजे कच्चा. १,००० किलो करवंटीतून साधारण २५० ते ३०० किलो उतरतो. पावसाळ्यात ओलीमुळे उतारा घटतो, धूर मात्र वाढतो. वस्तीत अशी भट्टी लावू नये. कारखान्यात धुरातले हे वायू जाळून त्यांचीच उष्णता वापरतात.

सक्रियण : कोळसा भरडून, चाळून फिरत्या भट्टीत घालतात. वाफेशी कार्बनची अभिक्रिया होऊन कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन बनतात. ती उष्णता शोषते, म्हणून तापमान सतत राखावे लागते. ८०० अंशांखाली काम रेंगाळते. भट्टीत हवा शिरली तर दाणे बाहेरूनच जळतात, आत छिद्रे पडत नाहीत. वाफ जास्त वेळ दिली तर छिद्रांच्या भिंती ढासळतात आणि दाणा बोटाने चुरतो. वजन निम्म्याच्या आसपास घटेपर्यंत न्यावे, हा ढोबळ अंदाज. लाकडाच्या भुशासाठी फॉस्फोरिक आम्लाची रीत बरी : ४५० ते ५०० अंश पुरतात, छिद्रे रुंद पडतात व मोठे रंगरेणू त्यांत मावतात. मात्र आम्ल धुऊन काढावे लागते.

पारख व वापर : आयोडीन अंक, म्हणजे एक ग्रॅम कार्बन किती आयोडीन शोषतो ते माप, ग्रॅमला ९०० मिलिग्रॅमच्या वर हवा, सोबत राख, ओल आणि दाण्याचा टणकपणाही पाहावा. नव्या मालातून काळी पूड येते, म्हणून आधी उलट्या दिशेने पाणी सोडून धुतात. क्लोरीन, वास, रंग आणि बरीच सेंद्रिय द्रव्ये तो काढतो. पाण्यातले क्षार व पाण्याचा जडपणा काढत नाही. जंतू मारणे दूरच, थरावर ते वाढतातही, म्हणून क्लोरीन काढल्यानंतरचे पाणी साठवून ठेवू नये.

ओला कार्बन बंद टाकीतल्या हवेचा ऑक्सिजन शोषून घेतो. टाकीत उतरण्यापूर्वी ती हवेशीर करून ऑक्सिजन मोजावा आणि बाहेर माणूस ठेवावा.