ओकॅरिनावर व्हिडिओ गेमच्या धुना वाजवणे

ओकॅरिना हे मातीचे, अलीकडे प्लॅस्टिकचेही, पोकळ फुंकवाद्य आहे. आकार साधारण रताळ्याएवढा, एका बाजूला फुंकायची चोच, अंगावर बोटांची छिद्रे. १८५३च्या सुमारास इटलीतल्या बूद्रिओ गावच्या जुझेप्पे दोनाती या तरुणाने आज प्रचलित असलेले रूप घडवले. तिकडच्या बोलीत नावाचा अर्थ ‘छोटी हंसी’, म्हणजे हंसाची छोटी मादी. जगभरच्या पोरांना हे वाद्य माहीत झाले ते मात्र इटलीमुळे नव्हे. निन्टेंडो ६४ या यंत्रासाठी १९९८ साली आलेल्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा: ओकॅरिना ऑफ टाइम’ या गेममध्ये नायक ओकॅरिना वाजवून पाऊस पाडतो, दिवसाची रात्र करतो, घोडी बोलावतो. त्यातल्या धुना कोजी कोंदो यांच्या. पडद्यावरच्या धुना खऱ्या ओकॅरिनावर बसवण्याचा छंद त्यातूनच पसरला.

वाद्याचे मर्म समजायला बासरी थोडी विसरावी लागते. बासरीत हवेची नळी किती लांब उघडी आहे यावर स्वर ठरतो आणि जोरात फुंकले की वरचे सप्तक मिळते. ओकॅरिना नळी नाही, घागर आहे. नवरात्रात अष्टमीला कोकणस्थांकडे महालक्ष्मीपुढे घागरी फुंकतात, तिथे घुमतो तोच हा प्रकार. आतली सगळी हवा एकदम कंप पावते. छिद्रे कुठे आहेत याला फारसे महत्त्व नसते. मिळून किती जागा उघडी आहे यावर स्वर चढतो. म्हणूनच १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये जॉन टेलर यांना लहानमोठी चारच छिद्रे ठेवून, त्यांच्या जुळण्यांतून पूर्ण सप्तक काढता आले. पण दुसरे सप्तक जोराने फुंकून मिळत नाही. बारा छिद्रांच्या वाद्यालाही दीड सप्तकाच्या आसपास पल्ला असतो. जोर लावला तर स्वर फक्त बेसूर चढतो.

शिकणाऱ्याची खरी अडचण इथेच आहे. बोटे आठवड्यात बसतात, फुंक महिनोन्‌महिने बसत नाही. खालच्या स्वरांना गरम चहावर घालतो तितकीच हलकी फुंक लागते, वर जाताना ती पायरीपायरीने वाढवावी लागते. सगळ्यांत वरचे दोन-तीन स्वर फुसफुसतात. वाद्य तसेच धरून हनुवटी थोडी खाली घेतली की ते सुटतात. प्रत्येक स्वराला जिभेने ‘तू’ किंवा ‘दू’ म्हणायचे, नाहीतर धुनेचा गोळा होतो.

गेममध्ये ओकॅरिनाला मुख्य बटणे पाचच. पाश्चात्त्य नावांनी ते स्वर डी, एफ, ए, बी आणि वरचा डी. आपल्या कानाने डीला षड्ज मानले तर सा, कोमल ग, प, शुद्ध ध, तार सा. यात रिषभ घातला की शिवरंजनी रागाचे स्वर पुरे होतात. हे कोणी ठरवून केले असे नाही, पण भजनावर वाढलेल्या कानाला या धुना परक्या का वाटत नाहीत, याचे निम्मे उत्तर यात आहे. वादळाची धून म्हणजे सा, ग, तार सा. घोडीची तार सा, ध, प. जंगलातली ग, प, ध. सूर्याची प, ग, तार सा. काळाची प, सा, ग. (गंधार सगळीकडे कोमलच.) राजकन्येचे अंगाईगीत ध, तार सा, प असे येते, त्यात पहिला स्वर दोन मात्रा, दुसरा एक, तिसरा तीन. सहा मात्रा झाल्या, म्हणजे दादऱ्याचे एक आवर्तन. तबला किंवा ढोलकीवाला सोबतीला असेल तर त्याला काही समजावावे लागत नाही.

अंगाईत एक गंमत आहे. डीला सा मानून ती वाजवली की उदास वाटते, गेममध्ये ती तशी वाटत नाही. तिचा खरा षड्ज ‘जी’ हा पाश्चात्त्य स्वर आहे. तो धरला की तेच तीन स्वर ग, प, रे होतात, गंधार शुद्ध, आणि सुरुवातीच्या ओळीवर भूप रागाची छाया पडते. पुढे मध्यम येतो तेव्हा भूप सुटतो, तो भाग वेगळा. पेटीवर दोन्ही षड्ज धरून ऐकल्याशिवाय हे पटत नाही.

पेटी विदर्भाच्या खेड्यात दुर्मीळ नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे खंजिरी, पेटी आणि सायंकाळची सामुदायिक प्रार्थना मोझरीपासून कितीतरी गावांत पोहोचली. पूर्वेकडे झाडीपट्टीत, वडशाच्या बाजूला, नाटकांचे हंगाम संगीतावरच चालतात. ओकॅरिनाचा गुरू मात्र तालुक्याच्या ठिकाणीही शोधून सापडणे कठीण. वाद्य ऑनलाइन मागवावे लागते, शिकवणी मोबाइलवर. अशा वेळी पाश्चात्त्य स्वरलिपी आधी शिकण्याचा हट्ट नको. धून सरगमात वहीत उतरवावी, पेटीवर काढावी, मग ओकॅरिना तोंडाला लावावा. पेटीवाल्या काकांना गेमचे नाव सांगायचीही गरज नाही. धून गुणगुणली की ते पट्ट्या दाखवतात.

ओकॅरिना घेताना सी पट्टीचा, बारा छिद्रांचा, आल्टो म्हणतात तो मधल्या आकाराचा घ्यावा. गेममधले पाचही स्वर त्याच्या पल्ल्यात आरामात बसतात. गेम बॉय या हातात धरायच्या यंत्रावरच्या ‘टेट्रिस’ची (१९८९) प्रसिद्ध धून, मुळात ‘कोरोबेनिकी’ हे रशियन लोकगीत, याच वाद्याच्या सगळ्यांत खालच्या ए पासून सुरू होणाऱ्या सप्तकात मावते. ‘सुपर मारियो’च्या वाटेला मात्र नवख्याने जाऊ नये. ती कोंदो यांचीच, पण कोमल-तीव्र स्वरांची इतकी उड्डाणे त्यात आहेत की बोटे रडकुंडीला येतात.

उन्हाळ्याचा हिशेब वेगळा. तापलेल्या हवेत ध्वनी जलद जातो, त्यामुळे स्वर चढतो. हवा २५ अंशांवरून ४२वर गेली तर गणिताने ही चढण पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या जवळपास निम्मी भरते. फुंकेची ऊब आधीच आत असल्याने प्रत्यक्षात ती कमी जाणवते, पण जाणवते. पेटीच्या पत्त्या अशा चढत नाहीत. चंद्रपूर-अकोल्याकडे पारा ४५ ओलांडतो, तेव्हा मेच्या दुपारी दोन्ही वाद्ये जुळवण्यात डोके घालवू नये. पहाटे अंगणात बसावे. घामाने बोटे निसटतात म्हणून दुपट्टा मांडीवर हवा. मातीचा ओकॅरिना फरशीवर पडला की उरतात खापऱ्या.

भद्रावतीला मातीकामाची परंपरा आहे, कुंभारवाडे तर गावोगावी. तरीही ओकॅरिना घरी घडवणे दिसते तितके सोपे नाही. चोचीतून येणारी हवा ज्या धारेवर आपटते ती केसभर चुकली तरी वाद्य मुके राहते, आणि भट्टीत माती आकसते तसा स्वर बदलतो. जत्रेतली मातीची शिट्टी एका स्वराची असते म्हणून जमते.

झेल्डाच्या गेममध्ये एक बुजगावणेही भेटते. ते खेळणाऱ्याला स्वतःची आठ स्वरांची धून रचायला सांगते आणि लक्षात ठेवते; नायक सात वर्षांनी मोठा होऊन तीच धून वाजवतो तेव्हा त्याला ओळखते. तोवर ती विसरू नये म्हणून खेळणारे कागदावर लिहून ठेवतात. पाच बटणे आणि आठ जागा एवढ्यात कोमल गंधारावर थांबणारी धून बसते, तार षड्जावर थांबणारीही बसते, आणि सरगम येणाऱ्याला ती वहीच्या मागच्या पानावर एका ओळीत लिहिता येते.